झोपून उठलेल्या लॅपटॉपचा घसा

आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकू पहाटे साडेपाचला रियाजाला बसतात. बोटं दुखतात म्हणून तानपुरा आता छेडवत नाही. भाच्याने लॅपटॉपमध्ये तानपुऱ्याची तासाभराची फाईल टाकून दिली आहे आणि शेजारी दोन छोटे स्पीकर जोडले आहेत. रात्री झाकण मिटायचं, पहाटे उघडायचं, प्ले दाबायचं. एके दिवशी सकाळीच दार वाजलं. "अरे, तानपुऱ्याची जवारी गेलीय. बघतोस का जरा?"

फाईलमधल्या तानपुऱ्याची जवारी, म्हणजे तारांचा तो भरीव झंकार, कशी जाईल, असं मनात म्हणत वर गेलो. पण काकूंचा कान खरा होता. षड्ज घुमत होता आणि त्याच्या आत फोडणीतली मोहरी तडतडावी तसं काहीतरी बारीक, अखंड तडतडत होतं. अशा वेळी कुणीही करतं तेच मी केलं. लॅपटॉप रीस्टार्ट केला. आवाज स्वच्छ झाला. चहा घेऊन खाली आलो. दुसऱ्या दिवशी पुन्हा मोहरी, पुन्हा रीस्टार्ट, पुन्हा चहा. चौथ्या दिवशी उजेड पडला की रोज सकाळी मी स्वतःच्या हाताने पुरावा पुसून येतोय.

रीस्टार्टने आवाज सुधारला तर तारा, स्पीकर आणि आवाजाची चिप शाबूत आहेत एवढं कळतं. नेमकं काय बिघडलं होतं ते मात्र कळत नाही, कारण रीस्टार्टमध्ये सगळंच नव्याने सुरू होतं. म्हणून खरखर ऐकू आली की आधी हात आवरा. एकेक छोटी गोष्ट नव्याने सुरू करून बघा, लहानापासून मोठ्याकडे. ज्या पायरीवर खरखर थांबेल, दुखणं तिथे असतं. घाई असेल, पाच मिनिटांत ऑनलाइन मीटिंग असेल, तर खुशाल रीस्टार्ट करा. पण एक सुट्टीची सकाळ या कामाला द्या.

त्याआधी थोडं यंत्राच्या पोटात डोकावू. संगणकातला आवाज म्हणजे आकड्यांची रांग. नेहमीच्या सेटिंगवर डाव्या-उजव्या दोन्ही वाहिन्यांना सेकंदाला प्रत्येकी ४८,००० आकडे लागतात. विंडोज हे आकडे साधारणपणे १० मिलिसेकंदांच्या घासांनी पुढे सरकवतं, म्हणजे एका घासात ४८० आकडे. पंगत डोळ्यासमोर आणा. जेवणारा एका ठरलेल्या गतीने जेवतो, थांबत नाही. वाढप्याने पान रिकामं व्हायच्या आत फेरी मारली पाहिजे. तो स्वयंपाकघराच्या दाराशी कुणाशी बोलत उभा राहिला की पान रिकामं. त्या रिकाम्या क्षणी स्पीकरमधून 'टक्' असा आवाज येतो. सेकंदाला दहा-वीस वेळा असं झालं की मोहरी तडतडते.

आता झोपेचं बघू, कारण झाकण मिटलं की लॅपटॉप झोपतो आणि काकूंची मोहरी रोज त्या झोपेनंतरच तडतडायची. जुन्या पद्धतीच्या झोपेत, जिला तांत्रिक भाषेत एस-थ्री म्हणतात, फक्त मेमरीला जेमतेम वीज मिळत राहते. प्रोसेसर, पडदा, आवाजाची चिप सगळं बंद. चिपच्या आतल्या सेटिंग्ज त्याबरोबर पुसल्या जातात. कुठला स्पीकर चालू, ॲम्प्लिफायर किती मोठा, घड्याळाची गती काय, हे सगळं जागं झाल्यावर ड्रायव्हरने चिपला पुन्हा शिकवायचं असतं. ड्रायव्हर म्हणजे चिप आणि विंडोज यांच्यामधला दुभाष्या. रीस्टार्टच्या वेळी हा दुभाष्या सगळा पाठ पहिल्यापासून म्हणतो. झोपेतून उठताना मात्र 'मागच्या पानावरून पुढे' म्हणतो आणि कधीकधी एखादी ओळ गाळतो. चिप बिचारी अर्ध्या पाठावर काम करत राहते.

अलीकडच्या लॅपटॉपमध्ये आणखी एक प्रकार आहे, मॉडर्न स्टँडबाय. यात यंत्र पूर्ण झोपतच नाही. फोनसारखं डुलकी घेतं, मधूनच मेल बघतं, पुन्हा डुलकी. वेगवेगळे भाग वेगवेगळ्या वेळी झोपतात नि उठतात, त्यामुळे दुभाष्याची परीक्षा दर थोड्या वेळाने. तुमच्याकडे कोणती झोप आहे हे बघायचं तर कमांड प्रॉम्प्ट उघडून 'पॉवरसीएफजी', मग एक जागा सोडून तिरकी रेघ आणि 'ए' असं इंग्रजीत टाइप करा. यंत्राला येणाऱ्या झोपांची यादी समोर येईल. काकूंच्या लॅपटॉपवर एस-थ्री निघाली.

एवढं कळल्यावर पहिलं काम कानाचं. सगळ्या खरखरी सारख्या नसतात, आणि इथे तुमचा कान कुठल्याही सॉफ्टवेअरपेक्षा लवकर उत्तर देतो. तपासणीसाठी तानपुऱ्यासारखा सलग, एकसुरी आवाज घ्या. गाण्यात तबला-झांज असली की खरखर त्यात लपते. फाईल संगणकावरच असू द्या, इंटरनेटवरून वाजवू नका, नाहीतर नेट अडकल्याचा दोष आवाजाच्या माथी जाईल.

जागं होताना एकदाच 'टप्' असा आवाज येऊन पुढे सगळं स्वच्छ असेल तर सोडून द्या. ॲम्प्लिफायरला वीज मिळाल्याचा तो आवाज आहे. अखंड तडतड असेल तर तानपुरा वाजत असतानाच एखादी खिडकी माउसने धरून पडद्यावर गरागरा फिरवा, मोठं वेबपान भराभर वरखाली करा. तडतड वाढली तर वाढपी अडकतोय, म्हणजे दुसरंच कुणीतरी प्रोसेसर अडवून बसलंय. काहीही केलं तरी तडतड तेवढीच राहिली तर संशय चिपवर किंवा तिच्या ड्रायव्हरवर.

सूरच बदलला असेल तर प्रकरण वेगळं. सीडीच्या काळापासून बहुतेक संगीत सेकंदाला ४४,१०० आकड्यांचं असतं. जागं झाल्यावर चिप ४८,००० च्या गतीने धावते आहे आणि विंडोज तिला ४४,१०० चं समजून वाढतंय, असा घोळ झाला की सूर जवळजवळ दीड अर्धस्वराने चढतो. काळी चारचा तानपुरा पांढरी सहा आणि काळी पाच यांच्या अधेमधे जाऊन बसतो, गळ्यालाही नको नि पेटीलाही नको. गाणाऱ्या माणसाला हे एका क्षणात कळतं. इतरांना नुसतंच 'आवाज काहीतरी विचित्र येतोय' असं वाटतं.

तडतड नसून खाली एक जाड गुणगुण असेल तर चार्जर काढून बघा. गुणगुण गेली तर झोपेचा काही संबंध नाही, तो अर्थिंगचा प्रश्न आहे. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आणि घरच्या प्लगला अर्थिंग नीट नसणं ही काही दुर्मिळ गोष्ट नाही. वीज गेल्यावर इन्व्हर्टरवर गुणगुण वाढत असेल तर तो इन्व्हर्टर शुद्ध साइन वेव्हचा नसावा. आणि हेडफोनची पिन जॅकमध्ये फिरवल्यावर खरखर बदलत असेल, तर ड्रायव्हरच्या वाटेला जाऊच नका. कोकणातल्या पावसाळ्यात जॅकच्या आतल्या पत्र्यांवर सहज गंज चढतो. पिन दहा-पंधरा वेळा घालून-काढून बघा. बहुतेकदा तेवढ्यावर भागतं.

काकूंची तडतड अखंड होती, खिडकी फिरवून बदलत नव्हती, आणि बाहेरचे स्पीकर काढून लॅपटॉपच्या स्पीकरवर ऐकलं तरी तशीच होती. ही शेवटची चाचणी आठवणीने करा. एकाच ठिकाणी खरखर असेल तर दोष त्या ठिकाणाचा. सगळीकडे असेल तर दोष आतला.

आता पायऱ्या. खरखर चालू असतानाच एकेक चढायची, प्रत्येक पायरीनंतर अर्धा मिनिट ऐकायचं आणि कागदावर टिपून ठेवायचं. टिपल्याशिवाय चालणार नाही. तिसऱ्या प्रयोगानंतर पहिल्यात काय झालं होतं ते कुणालाच आठवत नाही, मला तर नाहीच.

सर्वांत आधी वाजवणारा प्रोग्राम बंद करून पुन्हा उघडा, नाहीतर तीच फाईल दुसऱ्या प्रोग्राममध्ये वाजवा. इथेच थांबली तर त्या प्रोग्रामचा आवाजाशी असलेला धागा झोपेत तुटला होता. तो प्रोग्राम अपडेट करा, किंवा झाकण मिटण्याआधी बंद करायची सवय लावा. नाही थांबली तर विंडोजच्या साउंड सेटिंगमध्ये तुमच्या स्पीकरच्या पानावर जा. तिथे आवाजाचा फॉरमॅट निवडायची जागा असते. २४ बिट, ४८,००० हर्ट्झ असेल तर ते ४४,१०० करा आणि परत ४८,००० वर आणा. एवढ्याने विंडोज चिपशी नव्याने बोलणी करतं. सूर चढल्याची तक्रार असेल तर ती इथेच मिटायची शक्यता मोठी.

त्याच पानावर 'ऑडिओ एन्हान्समेंट्स' असतं. आवाज भारदस्त करणे, खोलीत घुमल्यासारखा करणे, बोलणं ठळक करणे अशी ही सजावट असते आणि ती करायला प्रत्येक घासाला थोडा वेळ जातो. ती बंद करा. एकूणच मला ही सजावट आवडत नाही. चांगल्या स्पीकरला तिची गरज नसते आणि वाईट स्पीकरला तिचा उपयोग नसतो.

पुढची पायरी आवाजाच्या सेवेची. स्टार्टमध्ये 'सर्व्हिसेस' शोधा, लांबलचक यादीत 'विंडोज ऑडिओ' सापडेल. त्यावर उजवी क्लिक करून 'रीस्टार्ट' निवडा. यंत्र रीस्टार्ट होत नाही, फक्त आवाजाचा कारखाना बंद होऊन उघडतो. इथे मोहरी शांत झाली तर दोष विंडोज सगळ्या प्रोग्रामांचे आवाज एकत्र करतं त्या मिश्रणाच्या टप्प्यात, चिपमध्ये नाही. काकूंकडे सेवा नव्याने सुरू झाली आणि मोहरी तशीच.

मग डिव्हाइस मॅनेजर. स्टार्टच्या बटणावर उजवी क्लिक केली की यादीत दिसतो. 'साउंड, व्हिडिओ अँड गेम कंट्रोलर्स' या ओळीखाली तुमची आवाजाची चिप असेल. बऱ्याच यंत्रांत तिथे रिअलटेक हे नाव दिसतं. त्यावर उजवी क्लिक, 'डिसेबल डिव्हाइस', पाचापर्यंत मोजायचं, मग 'इनेबल डिव्हाइस'. चिप आणि दुभाष्या दोघांना नव्याने पाठ म्हणायला लावणारी ही पायरी आहे, बाकी यंत्राला धक्का न लावता.

काकूंच्या लॅपटॉपवर इनेबल दाबलं, प्ले दाबलं, आणि षड्ज आला तो धुतल्यासारखा. मोहरी नाही, काही नाही. काकूंनी डोळे मिटून दोन मिनिटं ऐकलं आणि म्हणाल्या, "हां. आता तारा लागल्या."

म्हणजे सेवा बदलून फरक नाही, ड्रायव्हर उठवून-बसवून फरक आहे. दोषी ड्रायव्हर. चार दिवसांत रीस्टार्टने जे सांगितलं नव्हतं ते दहा मिनिटांत कळलं.

इथे एक उपकथा सांगायलाच हवी. त्याआधीच्या आठवड्यात काकूंच्या भाच्याने लॅपटॉप एका दुरुस्तीच्या दुकानात नेला होता. तिथे 'साउंडची आयसी गेलीय, बोर्ड बदलावा लागेल' असं सांगून पाच आकडी रक्कम ऐकवली गेली. खरंच गेलेली चिप रीस्टार्ट केल्यावर बरी होत नाही. जळलेला बल्ब बटण दोनदा दाबून पेटतो का? रीस्टार्टनंतर दिवसभर स्वच्छ वाजतं आणि झोपेनंतरच खरखरतं, एवढी नोंद हातात असेल तर बोर्ड बदलायला होकार देण्याआधी चार प्रश्न विचारा.

ड्रायव्हर दोषी ठरल्यावर वाटा तीन. पहिली, लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवर जाऊन आपल्या नेमक्या मॉडेलचा ताजा ऑडिओ ड्रायव्हर घ्यायचा. मॉडेलचा क्रमांक लॅपटॉपच्या तळाशी छापलेला असतो. नावावर जाऊ नका, एकाच नावाच्या लॅपटॉपमध्ये वेगवेगळ्या चिपा असतात. तिथेच बायोसचं, म्हणजे यंत्र सुरू होताना सर्वांत आधी चालणाऱ्या प्रोग्रामचं, नवं अपडेट असेल तर त्याचं वर्णन वाचा. झोप, स्लीप, रिझ्यूम, ऑडिओ यातला एखादा शब्द दिसला तर ते घालण्यासारखं आहे. घालताना चार्जर लावलेला हवा आणि वीज जायची वेळ टाळा. बायोस अर्ध्यावर राहिला तर आवाजाची चिंता करायला लॅपटॉप उरणार नाही.

दुसरी वाट उलटी. खरखर परवा-तेरवापासूनच सुरू झाली असेल तर मधे कधीतरी विंडोज अपडेटने ड्रायव्हर बदललेला असू शकतो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये चिपच्या 'प्रॉपर्टीज'मध्ये 'ड्रायव्हर' या पानावर 'रोल बॅक ड्रायव्हर' असं बटण असतं. ते दाबता येत असेल तर दाबून जुन्यावर परत या. बटण पुसट असेल तर मागचा ड्रायव्हर यंत्राने ठेवलेला नाही.

तिसरी वाट माझी आवडती, पण तिची किंमत मोजावी लागते. मायक्रोसॉफ्टचा स्वतःचा साधा ड्रायव्हर विंडोजमध्ये आधीच असतो. 'अपडेट ड्रायव्हर' म्हणायचं, आपोआप शोधू द्यायचं नाही, 'ब्राउझ माय कॉम्प्युटर' निवडायचं, मग उपलब्ध ड्रायव्हरांच्या यादीतून 'हाय डेफिनिशन ऑडिओ डिव्हाइस' घ्यायचा. तो कंपनीच्या ड्रायव्हरइतका हुशार नसतो, आणि बऱ्याचदा हाच त्याचा गुण ठरतो. किंमत अशी की लॅपटॉपच्या इवल्याशा स्पीकरसाठी कंपनीने जे सूर-संस्कार केलेले असतात ते जातात आणि आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा वाटू शकतो. काकूंकडे कंपनीचा ताजा ड्रायव्हर घालूनही तिसऱ्या दिवशी मोहरी परतली, तेव्हा हाच साधा ड्रायव्हर घातला. बाहेरचे स्पीकर असल्याने पत्र्याच्या डब्याचा प्रश्नच आला नाही.

आता ज्यांची तडतड खिडकी फिरवल्यावर वाढते त्यांच्याकडे वळू. तुमचा वाढपी ठीक आहे, त्याला दाराशी कुणीतरी अडवतंय. ते कोण हे शोधायला लेटन्सीमॉन नावाचं साधन आहे, घरगुती वापरासाठी फुकट. एक चूक बहुतेक जण करतात. ते आधीपासून चालू ठेवून यंत्र झोपवतात आणि उठवल्यावर लाल अक्षरं बघून घाबरतात. जागं होतानाच्या क्षणी सगळेच ड्रायव्हर धावपळ करतात, तो आकडा मोजायचा नसतो. एकदा ताज्या रीस्टार्टनंतर दहा मिनिटं मोजा, मग झोपवून उठवल्यावर मिनिटभर थांबून पुन्हा दहा मिनिटं मोजा. दोन्ही वेळी सर्वांत वर कोण आहे ते लिहून घ्या. 'एनडीआयएस' दिसलं तर नेटवर्क. वाय-फाय बंद करून ऐका, तडतड थांबली तर ऑडिओचा नव्हे, वाय-फायचा ड्रायव्हर बदलायचा आहे. 'एनव्ही'ने सुरू होणारं लांब नाव दिसलं तर एनव्हिडियाचं ग्राफिक्स. 'एसीपीआय' दिसलं तर बॅटरी नि वीज सांभाळणारी व्यवस्था, आणि तिचं औषध बहुधा बायोसच्या अपडेटमध्ये असतं. आवाज बिघडला म्हणून वाय-फायचा ड्रायव्हर बदलायचा, हे पटायला जड जातं. पण पानात आमटी का आली नाही याचं उत्तर कधीकधी स्वयंपाकघराच्या दारात अडकलेल्या माणसाकडेच असतं.

याच जातीचं आणखी एक दुखणं. काही लॅपटॉप झोपेतून उठल्यावर प्रोसेसरची गती खालीच अडकवून ठेवतात. टास्क मॅनेजरच्या 'परफॉर्मन्स' पानावर गती दिसते. काम देऊनही ती एक गिगाहर्ट्झच्या खालीच घुटमळत असेल आणि सगळंच यंत्र गाळात रुतल्यासारखं चालत असेल, तर चार्जर काढून पुन्हा लावा. तेवढ्याने गती वर गेली तर पुन्हा मोर्चा बायोसकडे न्यायचा आणि चार्जर त्याच लॅपटॉपचा, पुरेशा वॅटचा आहे ना, तेही बघायचं.

यूएसबीवरचा हेडसेट, माइक किंवा स्पीकर असेल तर पायऱ्या चढायची गरजच नाही. काढा आणि पुन्हा लावा. थांबली? मग वीज वाचवायच्या नादात विंडोजने तो पोर्ट झोपवला होता आणि नीट उठवला नाही. कंट्रोल पॅनेलमधल्या पॉवर ऑप्शन्सच्या प्रगत सेटिंगमध्ये 'यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड' बंद करा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'यूएसबी रूट हब'च्या पॉवर मॅनेजमेंट पानावर, वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करायला परवानगी देणारी खूण असते, तीही काढा. आणि स्वस्तातला यूएसबी हब मधे असेल तर तो आधी बाजूला करून थेट लॅपटॉपला जोडून बघा. मी हे शेवटी करून बघितलं आणि माझे दोन रविवार गेले.

ब्लूटूथवाल्यांची गोष्ट निराळी. उठल्यावर आवाज खरखरीत नाही पण जुन्या टेलिफोनसारखा बसका, एकाच वाहिनीचा येत असेल, तर कुठल्यातरी मीटिंगच्या प्रोग्रामने माइक धरून ठेवला आहे आणि हेडफोन बोलण्याच्या प्रकारात गेला आहे. तो प्रोग्राम बंद केला की संगीताचा प्रकार परत येतो. ब्लूटूथ तुटक-तुटक येत असेल आणि शेजारच्या पोर्टात यूएसबी-थ्रीचा पेनड्राइव्ह किंवा हार्डडिस्क असेल, तर ती काढून बघा. यूएसबी-थ्रीचा गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात सांडतो आणि ब्लूटूथ त्याच पट्ट्यात बोलतं.

लिनक्सवर हीच शिडी छोटी होते. फेडोराने २०२१ साली ३४ व्या आवृत्तीपासून आवाजाचं काम पाइपवायरकडे सोपवलं, उबुंटूने २२.१० पासून. पाइपवायरची सेवा वापरकर्त्याच्या पातळीवर रीस्टार्ट केली की मधला टप्पा तपासून होतो. ती निष्फळ ठरली तर इंटेलच्या ऑडिओ मॉड्यूलची 'पॉवर सेव्ह' ही किंमत शून्य करून बघा, म्हणजे चिप वाजवणं थांबलं की लगेच डुलकी घेणार नाही. मॅकवर ॲक्टिव्हिटी मॉनिटरमध्ये 'कोअरऑडिओडी' शोधून बंद करा. तो आपणहून परत सुरू होतो, आणि विंडोज ऑडिओ सेवा रीस्टार्ट करण्याचंच ते मॅकवरचं रूप.

सगळं करूनही कधीकधी खरखर हटत नाही, कारण दुरुस्त ड्रायव्हर कंपनीने काढलेलाच नसतो. मग झोपच बदलायची. विंडोजमध्ये हायबरनेट नावाची जी गाढ झोप आहे, तिच्यात मेमरीतलं सगळं डिस्कवर लिहून यंत्र पूर्ण बंद होतं. उठताना बायोसपासून सुरुवात होते, त्यामुळे चिपलाही बहुधा पहिल्यापासून पाठ मिळतो. पॉवर ऑप्शन्समध्ये झाकण मिटल्यावर काय करायचं ते निवडायची जागा आहे, तिथे स्लीपऐवजी हायबरनेट निवडा. पर्याय दिसत नसेल तर तिथल्याच शटडाउन सेटिंग्जमध्ये खूण करून तो यादीत आणावा लागतो. उठायला काही सेकंद जास्त लागतात, एवढीच तक्रार.

आणि शटडाउन करून उपयोग झाला नाही असं म्हणणाऱ्यांसाठी: विंडोज ८ पासून फास्ट स्टार्टअप आलं. ते चालू असेल तर शटडाउन म्हणजे पुरतं शटडाउन नसतं. विंडोजचा गाभा आणि ड्रायव्हर यांची अवस्था डिस्कवर जपून ठेवली जाते आणि दुसऱ्या दिवशी तीच उचलली जाते. बिघडलेला पाठ बिघडलेलाच राहू शकतो. रीस्टार्ट मात्र खरोखर पहिल्यापासून असतो. बंद करून चालू करणं आणि रीस्टार्ट यांत फरक काय, असं मला पुष्कळ जण हसून विचारतात. फरक हा आहे.

काय करू नये तेही सांगतो. 'तुमचे २७ ड्रायव्हर जुने आहेत' म्हणत लाल पट्टी नाचवणारे प्रोग्राम घेऊ नका. ते कुठला ड्रायव्हर कुठून आणतील याचा नेम नाही. रजिस्ट्रीत एक आकडा बदलून मॉडर्न स्टँडबायची जुनी झोप करायच्या युक्त्या सांगितल्या जातात. बायोसमध्ये तसा पर्याय अधिकृतपणे असेल तर वापरा, नसेल तर राहू द्या. झोपलेलं यंत्र मग उठलंच नाही, तर खरखर बरी होती असं म्हणायची वेळ येते.

दुकानात किंवा कंपनीच्या मदत-केंद्रात जायचंच असेल तर रिकाम्या हाताने जाऊ नका. कुठल्या पायरीवर खरखर थांबते, ड्रायव्हरची आवृत्ती आणि तारीख काय, चार्जरशिवाय होते का, हे कागदावर न्या. जमल्यास ऑडॅसिटी या फुकट प्रोग्राममध्ये विंडोज वासापी निवडून 'लूपबॅक'ने संगणकाचाच आवाज मुद्रित करा आणि ती फाईल फोनवर टाकून ऐका. मुद्रणात खरखर नसेल आणि खोलीत ऐकू येत असेल, तर विंडोजने आवाज नीट मिसळला होता आणि बिघाड त्याच्या पुढे, ड्रायव्हर, चिप किंवा तारेत आहे. मुद्रणातही असेल तर अलीकडे, प्रोग्राममध्ये किंवा मिश्रणात. फोनवर 'आवाज खराब येतो' एवढंच म्हटलं तर पलीकडून 'रीस्टार्ट करून बघितलं का?' हाच प्रश्न येणार.

काकूंच्या साध्या ड्रायव्हरला आता दोन महिने झाले. मधे एकदा विंडोज अपडेटने गुपचूप कंपनीचा ड्रायव्हर परत घातला आणि मोहरी परतली. मी पुन्हा साधा घातला, मग लॅपटॉपवर तळहात टेकतो त्या जागेवर पिवळी चिठ्ठी चिकटवली: 'जवारी गेली तर रीस्टार्ट करू नये, खाली फोन करावा.' दुसऱ्या दिवशी पहाटे पाच पस्तीसला फोन वाजला. जवारी शाबूत होती, चिठ्ठी नीट चिकटली आहे ना एवढंच त्यांना विचारायचं होतं. चिठ्ठीवर आता 'सातनंतर' असा शब्द वाढवला आहे.